हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले लघुतम अंतर म्हणजे हवाई अंतर व ते तोडण्यास विमानास लागणारा काळ म्हणजे उड्डाणकाल होय. उड्डाणकालाचे दोन प्रकार मानले जातात. विमानाची चाके धावपट्टी सोडतात तेथपासून ती दुसऱ्या धावपट्टीस टेकतात तेथपर्यंतचा काळ हा शुद्ध उड्डाणकाल. तर विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून इच्छित विमानतळावरील थांब्यावर उभे राहीपर्यंतचा काळ हा वेळापत्रकीय काळ. प्रवाशाच्या दृष्टीने तिसराही एक काळ महत्त्वाचा असतो : घराचा वा कारखान्याचा उंबरठा ओलांडल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा. विमान कंपन्यांच्या कोष्टकांत हा तिसरा काळ येत नाही. परंतु कोल्हापूरसारख्या, मोठ्या विमानतळापासून दूर असलेल्या शहराच्या बाबतीत तोच निर्णायक ठरत आला आहे. हवाई अंतर हे भूगोलाने एकदाच ठरवून दिलेले असते. उड्डाणकाल मात्र इंजिनाची शक्ती, वाटेतील थांबे, वारे, राष्ट्रांच्या सीमा आणि धावपट्टीची लांबी या सर्वांनी मिळून ठरतो व म्हणूनच त्याला इतिहास आहे. पश्चिम भारतातील, विशेषतः मुंबई–लंडन व कोल्हापूर–मुंबई या मार्गांच्या आधारे तो येथे दिला आहे.

मापन : गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट त्या दोन बिंदूंतून व गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने गोलावर आखलेल्या वर्तुळाची असते. यास बृहत् वर्तुळ म्हणतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश माहीत असल्यास गोलीय त्रिकोणमितीच्या साध्या सूत्राने हे अंतर काढता येते. बृहत् वर्तुळाच्या एका अंशास सु. १११ किमी. अंतर येते, तर त्याच्या एका कलेचे अंतर म्हणजे सागरी मैल (१.८५२ किमी.) होय. वैमानिक आजही हेच माप वापरतात. या रीतीने मुंबई–लंडन अंतर सु. ७,२०० किमी. व मुंबई–न्यूयॉर्क अंतर सु. १२,५०० किमी. भरते.

भिंतीवरील सपाट नकाशा या बाबतीत फसवा असतो. न्यूयॉर्क हे मुंबईच्या पश्चिमेस, म्हणून विमानाने अरबी समुद्र, आफ्रिका व अटलांटिक महासागर ओलांडून सरळ पश्चिमेस जावे, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात बृहत् वर्तुळाची वाट मुंबईहून निघताना उत्तर-वायव्येकडे वळलेली असून ती जवळजवळ ६५° उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी निकट जाते व तेथून दक्षिणेस उतरते. ज्या दोन शहरांपैकी एकही ४१° उत्तर अक्षांशाच्या पलीकडे नाही, त्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट हिमप्रदेशाच्या कडेने जावी, हे गोल हातात घेऊन त्यावर दोरा ताणून पाहिल्याखेरीज सहसा पटत नाही.

लहान अंतरावर पृथ्वीच्या गोलाईचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे डोंगर व घाट आडवे येतात. कोल्हापूर व मुंबई यांमधील हवाई अंतर सु. ३१० किमी. आहे. रस्त्याने हेच अंतर पावणेचारशे किमी.हून अधिक, तर मिरज व पुणे यांवरून जाणाऱ्या लोहमार्गाने ते पाचशे किमी.हून अधिक होते. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. या मार्गावर सह्याद्री ओलांडण्यासाठी रुळांना बोरघाटाखेरीज दुसरी वाट नसल्याने, मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेस असलेल्या या शहराचा प्रवासी आधी ईशान्येस मिरजेकडे व मग उत्तरेस पुण्याकडे जातो. आकाशातून वाचणारे दोनशे किमी. हे सर्वस्वी सह्याद्रीचे आहेत.

इतिहास : सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतर मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीस सु. दोन ते तीन आठवडे लागत. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन–कराची टपाल व प्रवासी सेवा सुरू केली व हा काळ सात दिवसांवर आला. यास विमानप्रवास म्हणणे काहीसे औदार्याचे आहे. कारण स्वित्झर्लंडमधील बाझेलपासून इटलीतील जेनोआपर्यंत प्रवाशांना आगगाडीने नेत, भूमध्य समुद्र उडत्या नौकेने ओलांडत आणि ईजिप्तमधून पुढे जमिनीवर उतरणाऱ्या विमानाने बगदाद, बसरा व इराणचा किनारा या वाटेने कराची गाठत. रात्री उड्डाण होत नसे. इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्यास दिलेली मुभा अल्पकालीन होती, त्यामुळे १९३२ मध्ये हा मार्ग इराणी आखाताच्या अरबी बाजूस हलवावा लागला. हवाई मार्गाची लांबी परराष्ट्र खाती ठरवितात, याचा भारताच्या बाबतीतील हा एक दाखला होय.

मुंबई या मार्गावर नव्हती. कराचीस उतरलेले टपाल आगगाडीने दक्षिणेस येई आणि विमानाने वाचविलेला वेळ रुळांवर खर्ची पडे. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीच्या एक-इंजिनी विमानातून टपाल घेऊन कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून उड्डाण केले. अहमदाबाद येथे इंधनासाठी थांबून दुपारी ते मुंबईच्या जुहू येथील मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. कराची–मुंबई हवाई अंतर सु. ८७० किमी. आहे. ताशी दीडशे-पावणेदोनशे किमी. वेगाच्या त्या विमानास थांब्यासह अर्ध्या दिवसाहून कमी वेळ लागला. जुहूची जागा समुद्रकाठच्या सखल भूमीची होती व पावसाळ्यात ती पाण्याखाली जात असे. म्हणून त्या महिन्यांत विमानांचा मुक्काम पुण्यास हलवीत. वर्षातील चार महिने मुंबईचे विमानतळ पुण्यास असे, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही. या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी ते पुन्हा करून दाखविले.

स्वातंत्र्यानंतर एअर इंडिया इंटरनॅशनल या कंपनीची स्थापना होऊन ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे चार इंजिनांचे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले व कैरो आणि जिनीव्हा येथे थांबून लंडनला पोहोचले. प्रवासास सु. एक अहोरात्र लागले. सात दिवसांचे अंतर एका दिवसावर येण्यास केवळ वेग कारणीभूत नव्हता. हवा दाबून भरलेली कक्षा, त्यामुळे साध्य झालेली उंची, रात्रीचे उड्डाण व हजारो किलोमीटर न थांबता जाण्याइतके इंधन यांचा त्यात मोठा वाटा होता. त्या काळी मुंबई शहरात भारतीय प्रमाणवेळेहून सु. ३९ मिनिटे मागे असलेली जुनी ‘मुंबई वेळ’ अद्याप प्रचारात होती. लंडनची वेळ भारतीय प्रमाणवेळेहून साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. वेळापत्रकात निघण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे देण्याची प्रथा असल्याने, नुसत्या वजाबाकीने उड्डाणकाल काढणारा पश्चिमेकडे जाताना तो कमी व परतताना जास्त समजतो. हा घोटाळा आजही अनेकांचा होतो.

या मार्गाने दोनदा मोठी किंमत घेतली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनीव्हाकडे जात असता माँ ब्लांच्या शिखरप्रदेशात कोसळले व त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांत जहाजांवर कामास निघालेले खलाशी बहुसंख्य होते. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जवळजवळ त्याच ठिकाणी आदळले. मृत ११७ जणांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे होते. या दुसऱ्या अपघाताची चौकशी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. विमानातील दिशादर्शक रेडिओ-ग्राहकांपैकी एक नादुरुस्त होता. आपण शिखर ओलांडले असा वैमानिकाचा समज झाला. जिनीव्हाच्या नियंत्रकाने पडद्यावर पाहून पर्वतापासूनचे अंतर कळविले. ते पर्वत ‘पुढे’ इतक्या अंतरावर आहे अशा अर्थाने सांगितलेले असता ‘मागे’ या अर्थाने घेतले गेले व विमान उतरू लागले. हवाई अंतराच्या कोष्टकात आरंभ व शेवट यांचीच नोंद असते. वाटेतील प्रत्येक क्षणी आपण त्या रेषेवर नेमके कोठे आहोत, हे कळणे ही निराळी विद्या असून उपग्रहाधारित मार्गनिर्देशन येईपर्यंत ती बरीचशी अनुमानावर अवलंबून होती.

१९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ही झोत विमाने सेवेत आणली व त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमार्गे न्यूयॉर्क सेवा सुरू केली. कॉन्स्टेलेशनचा वेग ताशी सु. ५०० किमी. होता, तो आता ९०० किमी.च्या घरात गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९६० नंतर प्रवासी विमानांचा वेग जवळजवळ वाढलेलाच नाही. ध्वनीच्या वेगाच्या समीप हवेचा रोध एकाएकी वाढतो व इंधनाचा खर्च परवडेनासा होतो, हे त्याचे कारण. त्यानंतर उड्डाणकालात झालेली घट ही वेगाची नसून थांबे गाळल्याची आहे. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई–न्यूयॉर्क ही विनाथांबा सेवा सुरू झाली; तीस सु. सोळा तास लागत. मुंबई–लंडन विनाथांबा प्रवास हल्ली जाताना सु. साडेनऊ ते दहा तासांचा व येताना सु. साडेआठ ते नऊ तासांचा असतो.

जाण्यायेण्यातील हा फरक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे पडतो. सु. नऊ ते बारा किमी. उंचीवरील हे अरुंद व वेगवान प्रवाह ताशी दोनशे किमी.हून अधिक वेग गाठू शकतात. त्यांचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी जेथे घरे केली त्या कॅलिफोर्नियात जाणाऱ्या मार्गावर मिळतो. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रॅन्सिस्को सेवा आरंभी अटलांटिकवरून सु. १३,९०० किमी. अंतर तोडून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिला पॅसिफिकवरून, पूर्वेच्या वाटेने नेण्यात आले. अंतर सु. १,४०० किमी.ने वाढून १५,३०० किमी. झाले, तरीही वारा पाठीशी असल्याने ते सु. साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर तोडले गेले. डिसेंबर २०२२ पासून मुंबईहूनही सॅन फ्रॅन्सिस्कोला विनाथांबा विमान जाऊ लागले.

वाऱ्याहूनही लहरी घटक राजकारणाचा. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश भारतीय मार्गांना बंद होते व उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या विमानांना गुजरात व अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये ही बंदी पुन्हा आली. कोल्हापूरच्या शेजारच्या गोव्याने याहून विलक्षण स्थिती अनुभवली आहे. दाभोळीपासून मुंबई हवाई अंतराने सु. ४२५ किमी. आहे. परंतु भारताने पोर्तुगीज वसाहतींशी व्यवहार तोडल्यानंतर पोर्तुगीज सरकारने १९५५ मध्ये दाभोळी विमानतळ व स्वतःची हवाई सेवा उभारली आणि तिची विमाने मुंबईस टाळून समुद्रावरून दमण, दीव व कराची येथे जात. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयास सु. १,२५० किमी. दूरचे कराची विमानाने आपल्या गावाशी जोडलेले दिसे, मुंबई मात्र नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुसेनेने दाभोळीच्या धावपट्टीवर बाँबहल्ला केला. तरी त्या रात्री धावपट्टीच्या वापरण्याजोग्या उरलेल्या भागावरून दोन पोर्तुगीज विमाने निसटली व कराचीस गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला व तो वळसाही संपला.

कोल्हापूर : कोल्हापूर संस्थानात राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत (१९२२–४०) उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ तयार झाला व जानेवारी १९३९ मध्ये तो खुला करण्यात आला. अनेक मोठ्या शहरांस त्या वेळी विमानतळ नव्हता; संस्थानिकांच्या पुरोगामी धोरणाचे हे फळ होय. पुढील इतिहास मात्र तितका उज्ज्वल नाही. विमानसेवा वेळोवेळी सुरू झाली व बंद पडली. काही काळ विमानतळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात होता, नंतर तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तर काही वर्षे येथून नियमित विमान सुटतच नव्हते.

कारण मुख्यतः धावपट्टीत सापडते. उजळाईवाडीची धावपट्टी दीर्घकाळ सु. १,३७० मी. लांब होती. विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे. उंचीवरील व उन्हाने तापलेली हवा विरळ असते, तिच्यात पंखांना उत्थापन कमी मिळते व उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. त्यामुळे सत्तरेक आसनांची पंख्याची विमाने येथे येऊ शकत, मोठी झोत विमाने नव्हेत. रात्री उतरण्याची सोयही चालू शतकाच्या तिसऱ्या दशकातच झाली. त्या आधी सूर्यास्त आणि पावसाळी धुके हेच या विमानतळाचे खरे नियंत्रक होते. पुढे धावपट्टी वाढवून १,९०० मी.च्या पलीकडे नेण्यात आली व नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले.

केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेखाली २०१८ पासून कोल्हापूरची नियमित सेवा पुन्हा सुरू झाली. या योजनेने एका तासाच्या, म्हणजे सु. ५०० किमी.च्या उड्डाणास, काही आसनांपुरते २,५०० रुपयांच्या आसपास भाडे ठरविले. अंतर, काळ व भाडे यांचा असा थेट मेळ शासनाने प्रथमच घातला. आगगाडीचे भाडे रुळांच्या किलोमीटरवर ठरते. येथे घड्याळास प्रमाण मानले गेले, आणि ते योग्यच होय.

या सर्वांची झळ कोणास लागते ते कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्रावरून समजते. औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात राज्यात जी निवडक मोठी क्षेत्रे ‘पंचतारांकित’ म्हणून विकसित केली, त्यांपैकी हे एक असून ते पुणे–बंगळूर महामार्गाच्या पूर्वेस कसबा सांगाव, तळंदगे या गावांच्या परिसरात पसरले आहे. (तारांचा संबंध उपाहारगृहांशी नाही, रस्ते, पाणी, वीज, संदेशवहन इ. सोयी पूर्ण प्रमाणात एकत्र असणे, हा त्याचा अर्थ.) वस्त्रोद्योग, ओतकाम व यंत्रभाग यांचे कारखाने येथे आहेत आणि कोल्हापूर परिसरातील ओतीव भाग परदेशी वाहन-उद्योगास जातात. उजळाईवाडीचा विमानतळ येथून थोड्याच किलोमीटरांवर आहे. ही जवळीक क्षेत्राच्या जमेच्या बाजूस सुरुवातीपासून लिहिली गेली, पण विमान नसलेल्या विमानतळाची जवळीक कागदावरच राहते.

जर्मनीतील ग्राहकाकडे जाणाऱ्या येथील उद्योजकाचा प्रवास उदाहरणादाखल घेता येईल. मुंबई–फ्रँकफुर्ट हवाई अंतर सु. ६,५०० किमी. आहे व ते आठ-नऊ तासांत तोडले जाते. कागलहून मुंबईच्या विमानतळापर्यंत रस्त्याने सु. ४०० किमी. जाण्यास सात ते नऊ तास लागतात. म्हणजे प्रवासाच्या पहिल्या सतराव्या हिश्शास उरलेल्या सर्व अंतराइतकाच काळ जातो. रात्रीची आगगाडी घेतल्यास तो आणखी वाढतो. जवळचे पर्याय म्हणजे सु. शंभर किमी.वरील बेळगावचा सांबरे विमानतळ, सु. अडीचशे किमी.वरील पुणे आणि घाट उतरून गोवा. परंतु तेथेही प्रवासी सोयीपेक्षा त्या दिवशीच्या वेळापत्रकाकडे पाहूनच जातो. उलट परदेशी ग्राहकाचा अभियंता माल तपासण्यास येतो, तेव्हा त्याचा एक दिवस कारखान्यात व दोन दिवस महामार्गावर जातात. कोल्हापूर–मुंबई विमान चालू असल्यास हाच टप्पा तासाभराचा होतो. अर्थात ते विमान मुंबईहून सुटणाऱ्या किंवा तेथे येणाऱ्या दूरच्या विमानाशी वेळेने जुळले पाहिजे, नाहीतर वाचलेले तास प्रतीक्षालयात जातात.

ही जुळणी कोल्हापुरातून होत नाही, मुंबईतून होते. मुंबईच्या जुन्या विमानतळास परस्परांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत व एका वेळी त्यांतील एकीचाच उपयोग करता येतो. परिणामी प्रत्येक मिनिटाला मागणी असते आणि सत्तर आसनांच्या विमानास मिळणारी वेळ दोनशे आसनांच्या विमानाच्या पंक्तीत मागे राहते. लहान शहरांच्या सेवा बंद पडण्याचे प्रवाशांअभावी हे कारण नेहमी सांगितले जाते. उतरण्यास सोयीची वेळ न मिळणे हे कारण त्याहून कमी सांगितले जाते, पण त्याचे वजन कमी नाही.

नवी मुंबई येथील विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. दोन समांतर धावपट्ट्यांच्या आराखड्याचा हा विमानतळ पनवेलजवळ, म्हणजे पुण्याकडून रस्त्याने येणाऱ्यास मुंबई शहराच्या अलीकडेच लागतो. त्यामुळे कोल्हापूरहून मोटारीने निघालेल्या प्रवाशाचे खाडीपुलावरून सांताक्रूझपर्यंतचे शेवटचे, सर्वांत संथ असे किलोमीटर टळतात.